साडेतीन वर्षांचा विराम : थॉमस स्टार्झल आणि यकृत प्रत्यारोपण

1963 या एका वर्षात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पाच रुग्णांवर यकृत प्रत्यारोपण झालं आणि पाचही रुग्ण दगावले. त्यांतला सर्वांत जास्त जगला तो 23 दिवस. बॉस्टन आणि पॅरिसमध्ये एकेक प्रयत्न झाला, तिथेही यश आलं नाही. 1964 च्या सुरुवातीला जगभराचा हिशेब होता सात शस्त्रक्रिया आणि सात मृत्यू.

त्याच डेन्व्हरमध्ये, त्याच शल्यचिकित्सकाच्या पथकाने 23 जुलै 1967 रोजी यकृताचा कर्करोग झालेल्या 19 महिन्यांच्या मुलीला नवं यकृत बसवलं. ती तेरा महिने जगली. तिचा मृत्यू झाला तो कर्करोग पुन्हा पसरल्यामुळे. बसवलेलं यकृत तोवर काम करत होतं.

या दोन टोकांमधल्या साडेतीन वर्षांत काय घडलं, हा या प्रकरणाचा विषय आहे. थॉमस स्टार्झल (1926–2017) यांचं नाव निघालं की लोक पहिली शस्त्रक्रिया, पहिलं यश, मिळालेले सन्मान सांगतात. माझ्या मते त्यांच्या संशोधनाचा गाभा या मधल्या काळात आहे. अपयश आलं म्हणून माणसांवरचा कार्यक्रम थांबवायचा, पण प्रश्न सोडायचा नाही, आणि थांबलेल्या काळात नेमकं काय करायचं हे ठरवायचं, हे वैद्यकात फार थोड्यांना जमलं आहे.

हा माणूस यकृताकडे कसा वळला

स्टार्झल आयोवा राज्यातल्या ल मार्स या लहानशा गावचे. वडील स्थानिक वृत्तपत्र चालवत आणि विज्ञानकथाही लिहीत. आई परिचारिका होती. 1947 मध्ये ती स्तनाच्या कर्करोगाने गेली, आणि त्याच वर्षी मुलगा शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला. तिथून 1952 मध्ये तो दोन पदव्या घेऊन बाहेर पडला, एक वैद्यकाची आणि दुसरी मज्जासंस्थेच्या शरीरक्रियाशास्त्रातली डॉक्टरेट. म्हणजे पुढे ज्याची ओळख यकृताचा शल्यचिकित्सक अशी झाली, त्याने प्रयोगशाळेत बसायची सवय मेंदूवर काम करताना लावून घेतली होती. हे महत्त्वाचं आहे. प्रश्न लहान करायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नोंद ठेवायची आणि मग पुढे जायचं, ही शिस्त डेन्व्हरच्या दिवसांत जागोजागी दिसते.

जॉन्स हॉपकिन्समध्ये शल्यचिकित्सेचं प्रशिक्षण घेऊन ते 1956 मध्ये मायामीला गेले. दिवसा इस्पितळाचं काम आणि उरलेल्या वेळात, एका रिकाम्या गॅरेजमध्ये स्वतः उभी केलेली प्रयोगशाळा. प्रश्न मधुमेहाशी जोडलेला होता. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन सगळ्या शरीरात जाण्याआधी प्रतिहारी शिरेतून थेट यकृतात जातं. निसर्गाने ही वाट का ठेवली असावी? ती वाट वळवली तर यकृताचं काय होतं? या प्रयोगांसाठी त्यांना कुत्र्याचं संपूर्ण यकृत काढावं लागे. ते काढण्याची सुरक्षित पद्धत हाती आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तीच पद्धत उलट्या दिशेने चालवली तर रिकाम्या जागी नवं यकृत बसवता येईल.

1958 मध्ये शिकागोला परतल्यावर त्यांनी कुत्र्यांत यकृत बदलायला सुरुवात केली. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये फ्रान्सिस मूर यांचं पथक स्वतंत्रपणे हेच करत होतं. सुरुवातीची कुत्री टेबलावरच मरत. दोन गोष्टी शिकायला लागल्या. पहिली, दात्याचं यकृत काढण्याआधी त्यात थंड द्रावण सोडून ते आतून गार करायचं. दुसरी, शस्त्रक्रिया चालू असताना शिरांतल्या रक्ताला तात्पुरती पर्यायी वाट द्यायची. शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर यकृताला चिकटून जाते. यकृत काढताना ती आणि प्रतिहारी शीर दोन्ही चिमट्यात धराव्या लागतात. कुत्र्यात असं केलं की मागचं रक्त तुंबतं आणि प्राणी दगावतो. म्हणून प्लास्टिकच्या नळ्यांनी ते रक्त मानेच्या शिरेत आणून सोडायचं. या नळ्या पुढे या प्रकरणात फार महत्त्वाच्या ठरणार आहेत.

1961 च्या अखेरीस स्टार्झल डेन्व्हरला कोलोरॅडो विद्यापीठात आले. यकृताची घाई त्यांनी केली नाही. आधी 1962 मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण सुरू केलं. मूत्रपिंडं दोन असतात, जिवंत नातेवाईक एक देऊ शकतो, आणि बसवलेलं मूत्रपिंड बंद पडलं तर डायलिसिसचा आधार असतो. यकृताला यांतलं काहीच नव्हतं. अॅझाथायोप्रिन हे शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध तेव्हा नवीन होतं. त्याच्या जोडीला प्रेडनिसोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत दिलं, तर शरीराने अवयव नाकारायला सुरुवात केल्यावरही तो हल्ला परतवता येतो, हे डेन्व्हरच्या पथकाने रुग्णांच्या मालिकेत दाखवून दिलं. त्याहून नवलाची गोष्ट अशी की असा एक हल्ला परतवल्यावर काही रुग्णांना पुढे कमी औषध पुरू लागलं. 1963 मध्ये छापलेल्या या निबंधाने मूत्रपिंड प्रत्यारोपणाचं चित्र पालटलं. मूत्रपिंडात हे जमलं तर यकृतातही जमेल, हा विश्वास तिथून आला, आणि तो चुकीचा नव्हता. माशी शिंकली ती भलत्याच ठिकाणी.

1 मार्च 1963 आणि पुढचे महिने

पहिला रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. जन्मतःच पित्तनलिका बंद असल्यामुळे त्याचं यकृत निकामी झालं होतं, आणि आधीही त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. दाता दुसरं एक मूल होतं, नुकतंच मरण पावलेलं. पथकाने तोवर कुत्र्यांवर सुमारे दोनशे वेळा ही शस्त्रक्रिया केली होती.

कुत्री निरोगी होती आणि मुलगा निरोगी नव्हता. प्रतिहारी शिरेत वर्षानुवर्षं दाब साठल्यामुळे पोटाच्या भिंतीत, जुन्या जखमांच्या आसपास, पडद्यापडद्यात बारीक शिरांची जाळी पसरली होती. पोट उघडायलाच कित्येक तास गेले. जिथे कापावं तिथून रक्त. निकामी यकृतामुळे रक्त गोठवणारी द्रव्यंही शरीरात अपुरी. जुनं यकृत काढेपर्यंतच मोठा रक्तस्राव झालेला होता, आणि मुलगा टेबलावरच गेला.

पुढच्या रुग्णासाठी तयारी बदलली. रक्त गोठत नाही ही अडचण होती, म्हणून रक्ताच्या गुठळ्यांचे तज्ज्ञ कुर्ट फॉन काउला यांना पथकात घेतलं. शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्त किती वेळात आणि किती घट्ट गोठतं हे यंत्रावर पाहिलं जाऊ लागलं, आणि ते गोठावं म्हणून औषधं व फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन दिलं गेलं. 5 मे रोजी 48 वर्षांच्या, यकृताचा कर्करोग झालेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. तांत्रिकदृष्ट्या ती पार पडली. यकृत काम करू लागलं. बाविसाव्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनात फुप्फुसांत गुठळ्या सापडल्या.

नंतरचे तीन रुग्ण साधारण सात, सहा आणि 23 दिवस जगले, आणि फुप्फुसातल्या गुठळ्या व त्यातून आलेला संसर्ग याच दिशेचं दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं. रक्त वळवण्यासाठी लावलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत रक्त संथ वाहत होतं. त्यातच ते गोठावं म्हणून औषधं दिलेली. नळ्यांत आणि शिरांत गुठळ्या धरत आणि सुटून फुप्फुसात जात. पहिला रुग्ण रक्तस्रावाने गेला, त्यावर केलेला उपाय पुढच्या रुग्णांच्या जिवावर उठला.

यातली सर्वांत जड गोष्ट त्यांना नंतर कळली. या नळ्यांची बहुतेक रुग्णांना गरजच नव्हती. निरोगी कुत्र्याला त्यांच्याशिवाय शस्त्रक्रिया सोसत नाही. पण ज्या माणसाचं यकृत वर्षानुवर्षं आजारी आहे, त्याच्या शरीराने रक्तासाठी आडवाटा आधीच तयार केलेल्या असतात. पोट उघडताना ज्या बारीक शिरांनी रक्तस्राव केला, त्याच शिरा मोठ्या शिरांना चिमटा लावल्यावर रक्त वाहून नेऊ शकत होत्या. प्राण्यावरचा नियम माणसाला लावताना रोगाचा हिशेब धरायला हवा, हे आज वाचताना सोपं वाटतं. 1963 मध्ये निकामी यकृत असलेल्या माणसात हे पाहण्याची संधी त्या पथकाखेरीज फारच थोड्यांना मिळाली होती.

शरीराने यकृत नाकारल्यामुळे हे रुग्ण गेले नव्हते, ही या सगळ्यातली आशेची बाजू. ज्या शत्रूची सर्वांत जास्त भीती होती, तो या मृत्यूंचं मुख्य कारण नव्हता. हे समजलं ते प्रत्येक मृत्यूनंतर केलेल्या शवविच्छेदनामुळे आणि ते लपवून न ठेवल्यामुळे. डिसेंबर 1963 मध्ये पहिल्या तीन रुग्णांची सविस्तर हकिकत शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापून आली. कोणतं औषध केव्हा दिलं, गुठळ्या कुठे सापडल्या, सगळं त्यात होतं. पुढच्या दोन रुग्णांची नोंद 1964 मध्ये आली. अपयशाचे असे निबंध स्वतःच्या नावाने छापायला धैर्य लागतं, आणि शास्त्र पुढे जातं ते अशाच निबंधांवर, असं मला मनापासून वाटतं.

थांबण्याचा निर्णय

1964 च्या सुरुवातीपासून डेन्व्हरचा माणसांवरचा यकृताचा कार्यक्रम थांबला. कोणत्याही सरकारी खात्याने किंवा समितीने तसा हुकूम काढला नव्हता. बॉस्टनही थांबलं. त्या काळात बऱ्याच जणांचं मत असं झालं होतं की यकृत प्रत्यारोपण माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

स्टार्झल यांचा स्वभाव पाहता हे थांबणं त्यांना सोपं गेलं असेल असं वाटत नाही. ते अफाट कष्ट करणारे होते आणि सहकाऱ्यांकडूनही तशीच अपेक्षा ठेवत. शस्त्रक्रियेआधी आपल्याला कमालीचं दडपण येतं, रुग्णाला आपण कमी पडू ही भीती सुटत नाही, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात उघडपणे लिहिलं. त्या भीतीचा या निर्णयात किती वाटा होता हे बाहेरून ठरवता येणार नाही. पण काय केलं ते नोंदीवरून दिसतं. ‘यकृत प्रत्यारोपण का जमत नाही’ या एका मोठ्या प्रश्नाचे त्यांनी तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्याचं उत्तर जिथे कमीत कमी जीव धोक्यात घालून मिळेल तिथे शोधलं.

पहिला तुकडा औषधांचा. अॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोन ही जोडी मूत्रपिंडाला चालत होती, पण अॅझाथायोप्रिन यकृतालाच त्रास देऊ शकतं, आणि प्रेडनिसोनच्या मोठ्या मात्रेने जखमा भरत नाहीत, संसर्ग होतो, लहान मुलांची वाढ खुंटते. तिसरं काहीतरी हवं होतं. घोड्यांना दुसऱ्या प्राण्याच्या लसिकापेशी, म्हणजे परक्या गोष्टींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, टोचल्या की घोड्याच्या रक्तात त्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं तयार होतात. ती शुद्ध करून प्रत्यारोपणाच्या रुग्णाला दिली तर अवयवावर हल्ला करणाऱ्या पेशीच कमी करता येतील, अशी कल्पना होती. डेन्व्हरमध्ये ही प्रतिद्रव्यं आधी कुत्र्यांत तपासली, मग माणसाच्या पेशींसाठी घोडे तयार केले, आणि 1966 पासून ती मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिली. सुईच्या जागी सूज येई, वेदना होत, ताप चढे. पण प्रेडनिसोन कमी करता येऊ लागलं. यकृताच्या रुग्णापर्यंत हे औषध पोहोचलं तेव्हा त्याची मात्रा आणि त्याचे त्रास पथकाला ठाऊक झालेले होते.

दुसरा तुकडा वेळेचा. हृदयक्रिया थांबल्यावरच मृत्यू मानला जाई. त्यानंतर काढलेलं यकृत उष्णतेने मिनिटामिनिटाला खराब होत जातं. दाता आणि रुग्ण एकाच वेळी, एकाच इमारतीत तयार असणं म्हणजे योगायोगच. लॅरी ब्रेटश्नायडर या तरुण शल्यचिकित्सकाने एक यंत्र बनवलं. त्यात यकृत थंड ठेवून त्यातून पातळ केलेलं रक्त फिरवायचं आणि भोवती जास्त दाबाखालचा प्राणवायू ठेवायचा. कुत्र्याचं यकृत यात जवळपास एक दिवस टिकलं. 1967 मध्ये माणसांच्या शस्त्रक्रियेला हे यंत्र हाताशी होतं. यंत्र अवजड होतं आणि पुढे ते मागेही पडलं, पण घाई करावी न लागणं ही त्या वेळी फार मोठी गोष्ट होती.

तिसरा तुकडा ऊतकांच्या जुळणीचा. त्यासाठी लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांच्याशी सहकार्य सुरू झालं. दात्याचे आणि रुग्णाचे पेशींवरचे गुण जितके जुळतील तितकं यश जास्त, अशी अपेक्षा होती. नात्यात नसलेल्या दात्यांबाबत ती अपेक्षेइतकी खरी ठरली नाही, आणि तेही त्यांनी नंतर छापलं.

चौथा तुकडा पाहताना मला स्टार्झल यांच्यातला प्रयोगशाळेतला माणूस सर्वांत स्पष्ट दिसतो. आल्बनीच्या स्टुअर्ट वेल्च यांनी 1955 मध्ये कुत्र्याचं स्वतःचं यकृत तसंच ठेवून पोटात दुसरं, जादा यकृत बसवलं होतं, आणि ते काही दिवसांत आक्रसून जाई. सर्वांनी समजूत करून घेतली की शरीराने ते नाकारलं. डेन्व्हरमध्ये स्टार्झल आणि थॉमस मार्किओरो यांना शंका आली. त्यांनी त्या दोन यकृतांचा रक्तपुरवठा वेगवेगळा करून पाहिला. आतडी आणि स्वादुपिंडाकडून येणारं रक्त ज्या यकृताला मिळे ते टिकत होतं, ज्याला मिळत नसे ते आक्रसत होतं. मग एकाच कुत्र्याच्या स्वतःच्या यकृताचे दोन भाग घेऊन हेच केलं. तिथे परका अवयव नव्हता, म्हणून नाकारण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही फरक तोच आला. म्हणजे त्या रक्तात यकृताला पोसणारं काहीतरी होतं. 1970 च्या दशकात त्यांच्याच पथकाने दाखवलं की त्यातला मुख्य घटक इन्सुलिन आहे. मायामीच्या गॅरेजमधल्या प्रश्नाचं उत्तर सुमारे वीस वर्षांनी, वेगळ्याच वाटेने मिळालं.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी याचा अर्थ सरळ होता. नव्या यकृताला प्रतिहारी शिरेचं रक्त मिळालंच पाहिजे. जादा यकृत कुठेतरी बसवून भागणार नाही. जुनं काढून त्याच जागी नवं बसवणं हाच भरवशाचा मार्ग.

आणि याच काळात कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत एक शांत निरीक्षण जमा होत होतं. यकृत बदललेल्या काही कुत्र्यांचं औषध सुमारे चार महिन्यांनी पूर्ण बंद केलं, तरी त्यांनी यकृत नाकारलं नाही. 1964 मध्ये शस्त्रक्रिया झालेलं एक कुत्रं तर औषधाशिवाय म्हातारं होईपर्यंत जगलं. सुरुवातीच्या सात मृत्यूंनंतर ज्यांना वाटत होतं की यकृताचं प्रत्यारोपण निसर्गालाच मान्य नाही, त्यांच्यासमोर हे जिवंत उत्तर होतं. पथकाने मनुष्यकार्यक्रम पुन्हा उभा करण्यामागे या कुत्र्यांचा मोठा वाटा होता.

जुलै 1967

पुन्हा सुरुवात झाली तेव्हा नळ्या नव्हत्या. रक्त गोठवण्याची आक्रमक औषधं नव्हती. घोड्याच्या प्रतिद्रव्यांसह तीन औषधं होती, यकृत सांभाळून ठेवणारं यंत्र होतं, आणि स्वीडनहून आलेले कार्ल ग्रोथ यांच्यासारखे नवे सहकारी होते. सुरुवातीचे यशस्वी रुग्ण लहान मुलं होती. 1968 मध्ये तीन रुग्ण दीर्घकाळ जगल्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी केंब्रिजमध्ये रॉय कॅल्न यांनी आपला कार्यक्रम सुरू केला.

पण चित्र फार गुलाबी करू नये. त्यानंतरही बारा वर्षं निम्म्याहून जास्त रुग्ण पहिल्या वर्षातच जात. 1980 च्या आधीच्या डेन्व्हरच्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्ण वर्षापलीकडे जगले. आत येणाऱ्यांपैकी तीनातले दोन वाचणार नाहीत हे ठाऊक असताना रोज वॉर्डात जायचं, ही कल्पनाच अंगावर येते. वाचले त्यांच्यात जानेवारी 1970 मध्ये शस्त्रक्रिया झालेली एक तीन वर्षांची मुलगी होती. ती मोठी झाली आणि कित्येक दशकं त्याच यकृतावर जगली. पथकाला तग धरायला बळ मिळालं ते अशा रुग्णांमुळे.

हृदयाच्या बाबतीत त्याच वर्षांत काय झालं ते शेजारी ठेवून पाहावं. डिसेंबर 1967 मध्ये केप टाउनला क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं आणि 1968 या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 16 फेब्रुवारी 1968 रोजी केलेलं प्रत्यारोपण जगातलं सहावं होतं. रुग्ण काही तासच जगला. सप्टेंबरमधला दुसरा रुग्णही वाचला नाही. सेन यांनी आधी कुत्र्यांवर भरपूर काम केलं होतं, त्यांची तयारी कमी होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण जगभर बहुतेक रुग्ण लवकर गेले आणि 1970 च्या आसपास जवळजवळ सगळ्या पथकांनी हात आखडता घेतला. स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन शमवे यांनी मात्र काम चालू ठेवलं आणि हृदय प्रत्यारोपण पुढे उभं राहिलं ते मुख्यतः त्यांच्या चिकाटीवर. यकृताचा विराम आधी आला, अपयशाच्या चिकित्सेतून आला, आणि त्यात काम वाढलं. हृदयाचा विराम लाटेनंतर आला, आणि त्यात बहुतेकांचं काम संपलं.

भारतात पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला 1994 उजाडावं लागलं, आणि त्याला कायद्याचं मोठं कारण होतं. हार्वर्डच्या समितीने 1968 मध्ये मेंदूमृत्यूचे निकष मांडले, त्यामुळे अमेरिकेत हळूहळू हृदय धडधडत असतानाच, यकृत ताजं असतानाच अवयव काढता येऊ लागले. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 मध्ये झाला. तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने केला, आणि 4 फेब्रुवारी 1995 पासून आधी याच राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. यकृताची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया देशात 1998 मध्ये दिल्लीत झाली.

जे खटकतं

या प्रकरणाचा अभ्यास करताना काही गोष्टी बाजूला सारता येत नाहीत. डेन्व्हरच्या सुरुवातीच्या मूत्रपिंड कार्यक्रमात राज्याच्या तुरुंगातले कैदी दाते म्हणून वापरले गेले. ते स्वेच्छेने पुढे आले असं सांगितलं गेलं. पण तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा कितपत मोकळी असते? 1966 मध्ये लंडनला झालेल्या प्रत्यारोपणाच्या नीतीवरच्या परिषदेत स्टार्झल यांनी स्वतःच ही प्रथा पुढे चालवणार नसल्याचं सांगितलं. तो निर्णय योग्य होता. आधीच्या वर्षांचा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही.

दुसरा प्रश्न 1963 च्या पाच रुग्णांचा. दुसरा रुग्ण गुठळ्यांनी गेल्यावर पुढच्या तीन शस्त्रक्रियांआधीच थांबायला हवं होतं का? मला वाटतं, एका मृत्यूतून नळ्यांचा दोष उघड झाला असं म्हणता येत नाही. दोन-तीन रुग्णांत तेच दिसल्यावर तो धागा पकडता आला. तरीही हे सांगताना जपून बोलायला हवं. त्या कुटुंबांसाठी तो शास्त्राचा टप्पा नव्हता, त्यांचं माणूस गेलं होतं. त्या रुग्णांपुढे दुसरा उपाय नव्हता हे खरं आहे, पण ‘दुसरा उपाय नाही’ हे वाक्य कोणत्याही प्रयोगाला परवानगी देत नाही. म्हणूनच थांबण्याच्या निर्णयाला मी इतकं महत्त्व देतो.

विरामानंतरची वर्षं

1980 मध्ये सायक्लोस्पोरिन हे नवं औषध स्टार्झल यांनी प्रेडनिसोनबरोबर वापरलं आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांवर गेलं. 1981 मध्ये ते पिट्सबर्गला गेले. तिथे सुरुवातीचे रुग्ण दगावले, पुन्हा टीका झाली, पण दोन वर्षांत, जून 1983 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने यकृत प्रत्यारोपण हा प्रायोगिक नव्हे तर मान्य उपचार असल्याचं जाहीर केलं. पिट्सबर्गमध्ये रक्त वळवणाऱ्या नळ्याही परत आल्या. या वेळी त्यात रक्त पंपाने वेगाने फिरवलं जाई, आणि त्या वापरायच्या त्या निवडक मोठ्या माणसांतच, ज्यांना शिरा बंद झालेल्या सोसत नसत. 1963 मध्ये जिवावर उठलेली कल्पना वीस वर्षांनी योग्य रुग्णाला, योग्य रूपात उपयोगी पडली.

त्यानंतर जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेलं औषध, आज ज्याला टॅक्रोलिमस म्हणतात, ते माणसांत पहिल्यांदा 1989 मध्ये पिट्सबर्गलाच वापरलं गेलं. मुंबई-पुण्यात यकृत बदललेल्या रुग्णाच्या औषधांच्या डबीत आज बहुधा याच गोळ्या असतात, आणि रक्तातली त्यांची पातळी तपासायला तो ठरावीक दिवसांनी जातो.

1990 मध्ये स्टार्झल यांच्या स्वतःच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी त्यांनी शस्त्रक्रिया करणं थांबवलं आणि उरलेली पंचवीस वर्षं संशोधनाला दिली. त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावलं. ज्यांची शस्त्रक्रिया दहा, वीस, तीस वर्षांपूर्वी झाली होती, त्यांच्या त्वचेत आणि लसिकाग्रंथींत दात्याच्या पेशी अजून जगत असल्याचं 1992 मध्ये पथकाला आढळलं. काही रुग्णांनी स्वतःहून औषध सोडलं होतं आणि तरी त्यांचं यकृत ठीक होतं. स्टार्झल यांच्या मते दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींचा हा दीर्घ सहवास हेच अवयव स्वीकारला जाण्याचं मूळ होतं. सर्व तज्ज्ञांना हे पटलं नाही. काहींच्या मते त्या पेशी स्वीकाराचं कारण नसून परिणाम आहेत, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

2012 मध्ये त्यांना रॉय कॅल्न यांच्यासोबत वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. 4 मार्च 2017 रोजी पिट्सबर्गमध्ये ते गेले. विरामाच्या काळात डेन्व्हरच्या कुत्र्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्या शेवटच्या वर्षांतही त्यांच्या टेबलावर होता. यकृत बदललेल्या रुग्णांपैकी काहींना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं पूर्ण बंद करता येतात, हे आता देखरेखीखाली केलेल्या चाचण्यांतून दिसलं आहे. पण समोर बसलेल्या रुग्णाला ती बंद करता येतील का, हे आधी खात्रीने सांगणारी तपासणी अजून डॉक्टरांच्या हाती आलेली नाही. म्हणून बहुतेक रुग्णांची गोळी जन्मभर चालू राहते, आणि तिच्यासोबत मूत्रपिंडांवरचा ताण, मधुमेह आणि संसर्गाचा धोकाही.